संकेतस्थळावरील मजकूर : बहुता की संपत्?

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायातील अनेक वैद्यबंधू-भगिनींनी व फार्मसीचालकांनी स्वतःची संकेतस्थळे उभारली आहेत. ही समाधानाची बाब होय. दूरच्या गावातील रुग्णास वैद्याचे नाव, दवाखान्याची वेळ आणि औषधाची माहिती घरबसल्या मिळू लागली, यात व्यवसायाचे आणि समाजाचे हितच आहे. मात्र या संकेतस्थळांवर आज जो मजकूर भरला जात आहे, त्याकडे पाहिले असता मन साशंक झाल्यावाचून राहत नाही. गूगलच्या क्रमवारीत आपले नाव वर यावे, एवढ्याच एका हेतूने ठरावीक दराने दरमहा ठरावीक संख्येचे लेख विकत घेण्याची प्रथा आपल्याकडे रूढ होत चालली आहे. लिहिणारा वैद्य नसतो. ज्याच्या नावाने लेख प्रसिद्ध होतो त्या वैद्याने तो पुष्कळदा वाचलेलाही नसतो. जितकी पाने अधिक तितके शोधयंत्र प्रसन्न, असा समज त्यामागे आहे. हा समज व्यवहाराच्या दृष्टीनेही चुकीचा आहे आणि वैद्यकीच्या दृष्टीने घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या समजाचे मूळ प्रथम पाहू. महाजालाच्या आरंभीच्या काळात शोधयंत्रे प्रामुख्याने शब्द मोजत. ज्या पानावर 'सांधेदुखी' हा शब्द अधिक वेळा, ते पान सांधेदुखीविषयी अधिक उपयुक्त, असा ढोबळ हिशेब असे. १९९८ साली स्थापन झालेल्या गूगलने त्यात महत्त्वाची भर घातली. एखाद्या पानाकडे इतर किती व कोणती पाने निर्देश करतात, यावरून त्याचे वजन ठरू लागले. पुढे या दोन्ही कसोट्यांना फसविण्याचे धंदे निघाले. एकाच परिच्छेदात रोगाचे नाव दहा वेळा घालणे, एकाच विषयावर शब्द फिरवून वीस लेख लिहिणे, परस्परांस खोटे निर्देश देणे असे अनेक उपाय काही काळ यशस्वीही झाले. आज आपल्या दारी येऊन लेखांचे गठ्ठे विकणारे पुष्कळसे विक्रेते त्याच जुन्या काळातील अनुभव नवा म्हणून विकत आहेत.

प्रत्यक्षात तो काळ केव्हाच सरला. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलने 'पांडा' या नावाने ओळखला जाणारा मोठा बदल केला. उथळ, उसना आणि केवळ संख्येसाठी निर्माण केलेला मजकूर मागे टाकणे हाच त्याचा उद्देश होता. रोज मोठ्या संख्येने लेख पाडणाऱ्या अमेरिकेतील लेख-कारखान्यांस त्याचा जबर फटका बसला. २०१२ च्या एप्रिलमध्ये खोट्या निर्देशांवर व शब्दांच्या भरण्यावर असाच आघात झाला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, माणसासाठी न लिहिता शोधयंत्रासाठी लिहिलेल्या मजकुराविरुद्ध आणखी एक बदल आला. २०२४ च्या मार्चमध्ये तर क्रमवारी वाढविण्याच्या हेतूने घाऊक प्रमाणात पाने निर्माण करणे हाच नियमभंग असल्याचे गूगलने जाहीर केले. मग ती पाने माणसाने लिहिलेली असोत वा यंत्राने. लेख अमुक शब्दांचा असला म्हणजे तो वर येतो, ही समजूतही गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्टपणे नाकारली आहे. तेव्हा बाराशे शब्दांचे तीस लेख दरमहा, ही मागणी नेमकी कोणाची, असा प्रश्न आपण विक्रेत्यास विचारावयास हवा.

आपल्या क्षेत्रास तर याहून कठोर निकष लागू आहेत. मजकुराची गुणवत्ता तपासण्यासाठी गूगल जे मानवी परीक्षक नेमते, त्यांच्यासाठीच्या मार्गदर्शिकेत माणसाच्या पैशाशी व जीविताशी निगडित विषयांचा वेगळा वर्ग केला आहे, आणि आरोग्य हा विषय त्यात अग्रभागी आहे. या वर्गातील पानांकडून तज्ज्ञता, अधिकार व विश्वासार्हता यांची अपेक्षा सर्वाधिक असते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांत 'अनुभव' या चौथ्या निकषाची भर पडली. लिहिणाऱ्याने विषय स्वतः हाताळला आहे काय, हे पाहावे असा त्याचा आशय आहे. या परीक्षकांच्या शेऱ्यांनी एखाद्या पानाचा क्रम थेट बदलत नाही. परंतु शोधयंत्राची गणिते कोणत्या दिशेने सुधारावयाची, हे त्यांवरून कळते. २०१८ च्या ऑगस्टमधील बदलानंतर आरोग्यविषयक अनेक संकेतस्थळे एकाएकी खाली घसरली, तेव्हा या व्यवसायातील जाणकारांनी त्या बदलास 'मेडिक' असेच नाव दिले होते.

येथे काही वैद्यबंधू असा आक्षेप घेतील, की ही सर्व मापे आधुनिक वैद्यकाच्या बाजूने झुकलेली आहेत. आयुर्वेदाने कितीही चांगले लिहिले तरी त्यास वर येऊ दिले जाणार नाही. या आक्षेपात तथ्य मुळीच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. वैद्यकीय विषयांत प्रस्थापित शास्त्रीय मताशी सुसंगतता असावी असे ती मार्गदर्शिका सांगते, आणि त्या तराजूत आपली परिभाषा नेहमीच नीट तोलली जाते असे नाही. परंतु या अडचणीवर अधिक लेख हा उपाय कसा ठरावा? शंका घेणाऱ्यापुढे दहा पोकळ विधाने ठेवण्याऐवजी एक सप्रमाण विधान ठेवणे, हाच वादाचा आपला पूर्वापार मार्ग आहे. उथळ पानांची संख्या जितकी वाढेल, तितका तो पूर्वग्रह बळकट होईल आणि परिश्रमपूर्वक लिहिणाऱ्या वैद्याचे पानही त्याच ढिगाऱ्यात गणले जाईल.

वस्तुतः चांगल्या मजकुराची कसोटी शिकण्यासाठी आपणांस परक्या दारी जाण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायाचा आरंभ आठवावा. वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राची परीक्षा करावी, कारण लोकांत नाना प्रकारची शास्त्रे प्रचलित आहेत, असे तेथे सांगितले आहे. निवडावयाच्या ग्रंथाची लक्षणेही तेथे दिली आहेत. तो पुनरुक्तिदोषापासून मुक्त असावा. त्यातील शब्द क्लिष्ट वा ग्राम्य नसावेत. अर्थ क्रमाने यावा व परस्परांशी जुळावा. प्रकरणांची सरमिसळ नसावी. विषयाच्या तत्त्वाचा निश्चय हे त्याचे मुख्य प्रयोजन असावे. तो लवकर बोध करून देणारा, लक्षणे व उदाहरणे यांनी युक्त असावा. विकत घेतलेला कोणताही लेख या कसोटीवर लावून पाहावा. पहिल्याच लक्षणाशी, म्हणजे पुनरुक्तीशी, त्याची गाठ पडते व तेथेच तो अनुत्तीर्ण होतो.

दुसरा विचार द्रव्यगुणाचा. सूत्रस्थानातील चतुष्पादांच्या विवेचनात द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत : बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना आणि संपत्. यांत बहुता आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. औषध पुरेशा प्रमाणात उपलब्ध असावे, हे रास्तच आहे. तसे संकेतस्थळावरही रुग्णाच्या मुख्य प्रश्नांना पुरेल इतका मजकूर असावाच. परंतु जेथे योग्यत्व व संपत् नाही, तेथील बहुतेला भांडारात स्थान नाही. कीड लागलेला पिंपळीचा पोता दुप्पट आहे म्हणून कोणता फार्मसीचालक तो आनंदाने उतरवून घेईल?

भेसळीचेच उदाहरण घेऊ. आपण ज्याची साल औषधात वापरतो तो सीता अशोक वेगळा, आणि रस्त्याच्या कडेला व शाळांच्या आवारात उंच, सरळ वाढणारा शोभेचा 'अशोक' वेगळा. पहिल्याची पाने संयुक्त व फुले केशरी-तांबड्या गुच्छांची. दुसऱ्याची पाने साधी, लांबट, कडेने नागमोडी व फुले हिरवट. बाजारात अशोकाच्या सालीत दुसऱ्याची भेसळ होते, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. आता महाजालावर अशोकाविषयीची पाने चाळावीत. स्त्रीरोगांवरील अशोकाचे गुण विस्ताराने सांगणाऱ्या मजकुराशेजारी शोभेच्या झाडाचे चित्र लावलेली पाने आमच्या पाहण्यात आली आहेत. लेखकाने झाड पाहिलेले नाही आणि वैद्याने पान पाहिलेले नाही, याचे हे फळ. भांडारात भेसळ पकडणारी आपली नजर संकेतस्थळावरील भेसळीकडे मात्र काणाडोळा करते.

या निष्काळजीपणाचे परिणाम केवळ क्रमवारीपुरते राहत नाहीत. २०२० साली कोविडच्या साथीत गुळवेलीची कीर्ती घरोघरी पोहोचली आणि तिच्या गुणांचे वर्णन करणारी असंख्य पाने महाजालावर अवतरली. २०२१ साली मुंबईतील काही यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची निश्चिती झालेली नाही आणि दिसण्यात साम्य असलेल्या दुसऱ्या जातीचा वापर झाला असण्याचा संभव आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. खोडावर ठळक उंचवटे असलेली ती जात व आपली गुळवेल यांतील भेद सांगणारी सूचनाही पुढे २०२२ साली मंत्रालयाने काढली. तो वाद येथे निकालात काढण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही एवढेच विचारतो, की वेल कशी ओळखावी, किती मात्रेत व किती दिवस घ्यावी, कोणी वैद्यास विचारल्यावाचून घेऊ नये आणि कोणते लक्षण दिसताच थांबावे, हे नीट सांगणारे एखादे मराठी पान लोकांना त्या वेळी सहज सापडले असते, तर किती बरे झाले असते! पानांची उणीव तेव्हा नव्हती, जबाबदारीने लिहिलेल्या पानाची होती.

हाच धडा फार्मसीचालकांसही लागू पडतो. औषध नियमांतील अनुसूची ई(१) मध्ये वत्सनाभ, भल्लातक, कुचला, गुंजा, धत्तूर इत्यादी विषद्रव्यांची यादी आहे. ही द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या कल्पांच्या वेष्टनावर, औषध वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सावधगिरीची सूचना छापावी लागते. वेष्टनावर जी सूचना आपण निगुतीने छापतो, ती त्याच औषधाविषयीच्या विकतच्या लेखातून पुष्कळदा गळालेली असते. शिवाय १९५४ चा औषधे व जादूटोणाविषयक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम आहेच. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा यांसह अनुसूचीतील अनेक विकार बरे करण्याच्या दाव्यांची जाहिरात तो निषिद्ध मानतो. लेख विकणाऱ्यास हा कायदा ठाऊक असण्याचे कारण नाही. लेखाखाली नाव व नोंदणी क्रमांक मात्र वैद्याचा असतो, परवाना फार्मसीचा असतो. जबाबदारी कोणावर येईल, हे निराळे सांगावयास नको.

आता व्यवहाराचा हिशेब मांडू. दरमहा तीस लेख म्हणजे वर्षाला ३६० लेख झाले. प्रत्येक लेख वैद्याने अर्धा तास देऊन तपासावयाचा म्हटले तरी १८० तास लागतात. म्हणजे रोज चार तास चालणाऱ्या दवाखान्याचे ४५ दिवस. कोणीही हे करीत नाही व करूही शकत नाही. म्हणजेच इतके लेख घेण्याचा निर्णय हाच ते न तपासण्याचा निर्णय असतो. याउलट दरमहा एकच पान स्वतः लिहावयाचे ठरविले व त्यास पाच तास दिले, तर वर्षाअखेर ६० तासांत बारा पाने तयार होतात. ही बारा पाने रुग्ण वाचतो, नातेवाइकांस पाठवितो, दवाखान्यात येताना त्यावरचे प्रश्न घेऊन येतो. इतर संकेतस्थळे त्यांचा निर्देश आपणहून करतात. क्रमवारीस खरा आधार मिळतो तो असा.

ही पाने कशी असावीत? आपल्या दवाखान्यात रुग्ण जे प्रश्न वारंवार विचारतात, तेथूनच आरंभ करावा. 'आम्लपित्त : कारणे, लक्षणे व उपाय' हे पान शेकडो ठिकाणी आहे. 'आम्लपित्ताचे औषध चालू असताना चहा पूर्ण सोडावा लागतो काय', 'पंचकर्मापूर्वी रक्तदाबाची चालू औषधे बंद करावीत काय', 'बाळंतिणीस दिलेले औषध बाळास बाधेल काय' यांसारख्या प्रश्नांना अनुभवी वैद्याने दिलेले उत्तर मात्र दुर्मीळ आहे. उत्तरात काय करावे याबरोबरच काय करू नये व केव्हा तातडीने रुग्णालय गाठावे, हेही असावे. लिहिणाऱ्याचे नाव, पदवी, नोंदणी व पान शेवटी तपासल्याची तारीख असावी. ग्रंथाधार असेल तेथे संहिता, स्थान व अध्याय सांगावा. स्वतःचा अनुभव असेल तेथे तो अनुभव आहे, असे म्हणावे. या दोहोंची सरमिसळ करू नये.

फार्मसीचालकांनी उत्पादकाने दिलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून घेण्याचा मोह टाळावा. तोच मजकूर असंख्य विक्रेत्यांकडे असतो व एकसारख्या पानांपैकी बहुधा एकच पान शोधयंत्र पुढे करते. त्याऐवजी वनस्पतीचे शास्त्रीय नाव व वापरलेला भाग, चूर्ण व आसव-अरिष्टे यांच्या साठवणीतील भेद, बाटलीतील गाळ केव्हा स्वाभाविक व केव्हा संशयास्पद, अनुपान कसे घ्यावे, असे जे ग्राहक गल्ल्यापाशी उभा राहून विचारतो, ते लिहावे. दुकानात वर्षानुवर्षे बसून मिळविलेले हे ज्ञान कोणताही लेख-कारखाना पुरवू शकणार नाही.

अलीकडे लेख लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. त्यांचा वापर करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. भाषा नीट करणे, मुद्द्यांचा क्रम लावणे अशा कामी ती साह्यकारी ठरू शकतात. परंतु जे सर्वत्र लिहिलेले आहे तेच ती पुन्हा जुळवून देतात आणि चुकीची मात्राही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात. शिवाय २०२४ पासून गूगल भारतातही पुष्कळ प्रश्नांची संक्षिप्त उत्तरे यंत्राकरवी स्वतःच पानाच्या माथ्यावर देऊ लागले आहे. सर्वसामान्य माहितीसाठी आपल्या संकेतस्थळावर येण्याचे कारणच त्यामुळे उरत नाही. जे अन्यत्र मिळत नाही, ते आपल्याकडे असेल तरच कोणी पान उघडील.

चांगले लिहिले की पहिला क्रमांक निश्चित, असे आश्वासन आम्ही देत नाही. मोठ्या कंपन्यांची प्रसिद्धी, जुन्या संकेतस्थळांची प्रतिष्ठा, रुग्ण कोठून शोध घेत आहे अशी अनेक कारणे क्रमवारीमागे असतात, आणि गणितेही बदलत राहतात. नव्या पानास स्थिरावण्यास काही महिने लागू शकतात. परंतु मराठीतून लिहिणाऱ्या वैद्यास एक संधी निश्चित आहे. इंग्रजीच्या तुलनेने मराठीत विश्वसनीय आरोग्यविषयक मजकूर अल्प आहे, आणि आपल्या तालुक्यातील रुग्ण आपल्या भाषेतच प्रश्न विचारतो. तेथे एक चांगले पानही उठून दिसते.

म्हणून आमची वाचकांस तीन कामांची विनंती आहे. पहिले, आपल्या संकेतस्थळावरील प्रत्येक पान येत्या तिमाहीत स्वतः वाचावे. जे आपण रुग्णासमोर बसून सांगू शकणार नाही, ते काढून टाकावे अथवा दुरुस्त करावे. पाने काढल्याने क्रमांक आपोआप वाढेल म्हणून हे करावयाचे नाही. त्या पानांवर आपले नाव आहे म्हणून करावयाचे आहे. दुसरे, लेखांचे घाऊक करार नूतनीकरणास येतील तेव्हा ते थांबवावेत व तोच पैसा चांगले छायाचित्रण, शुद्धलेखन तपासणी व पान भ्रमणध्वनीवर सुलभतेने उघडावे यासाठी वापरावा. तिसरे, प्रत्येक जिल्हा शाखेने तीन-चार वैद्यांचे वाचकमंडळ नेमावे. सभासदांनी लिहिलेले पान प्रसिद्ध होण्यापूर्वी या मंडळातील एकाने तरी वाचावे, द्रव्याची ओळख, मात्रा व निषेध तपासावेत. एकमेकांच्या चिकित्सेवर चर्चा करण्याची परंपरा असलेल्या आपल्या समाजास हे जड जाऊ नये.

रुग्ण आज आपल्या दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी आपले पान वाचतो. काही रुग्ण तर तेवढेच वाचतात व त्यावरून घरी औषध सुरू करतात. जे पान असे चिकित्सेचे काम करते, ते लिहिताना चिकित्सेइतकीच सावधगिरी बाळगणे हे वैद्याचे कर्तव्य होय.